एका मंडळाला एकच रंग

पावसाच्या माहितीचित्रांचं एक वाचन

पावसाळ्याच्या चार महिन्यांत मराठी फोनवर एक चित्र सतत फिरत असतं: पावसाचा नकाशा. कुठे हिरवा, कुठे निळा, कुठे लाल. कोपऱ्यात रंगांच्या चार-पाच चौकटी आणि वर ठळक अक्षरांत तारीख. आपण तो दोन सेकंद बघतो, आपला जिल्हा शोधतो, त्याचा रंग बघतो आणि पुढच्या ग्रुपवर ढकलतो. कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, वेब सिरीजच्या शेवटच्या भागावर रात्रभर वाद होतात. ह्या चित्राच्या वाट्याला समीक्षक येत नाही. आकडे आहेत, सरळ रंगवलेत, त्यात वाचायचं काय, असं आपण धरून चालतो.

पण माहितीचित्र हीसुद्धा कुणीतरी केलेली रचना असते. काय मोजायचं, कुठे मोजायचं, कुठल्या हद्दीत भरायचं, कुठल्या आकड्यावर रंग बदलायचा, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. लेखक शब्द निवडतो तसंच. फरक एवढाच की कादंबरीतल्या निवडीने कुणाची परीक्षा फी माफ होत नाही. ह्या चित्रातल्या निवडीने होते किंवा राहते.

म्हणून हे वाचन एका ठरावीक जागी उभं राहून करू. जागा आहे केदारखेडा. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाताना लागणारं, पूर्णा नदीच्या काठचं गाव. राज्याच्या नकाशावर ते दिसत नाही, जिल्ह्याच्या नकाशावर एखाद्या ठिपक्याएवढं दिसतं. महसूल खात्याच्या कागदावर मात्र 'केदारखेडा' ह्या नावाचा अर्थ गावापेक्षा मोठा आहे. ते भोकरदन तालुक्यातलं एक महसूल मंडळही आहे, म्हणजे आसपासच्या अनेक गावांचं मिळून एक शिवार. पावसाच्या माहितीचित्रात ह्या सगळ्या गावांना मिळून एक आकडा मिळतो, आणि त्या आकड्याला एक रंग.

शितावरून भाताची परीक्षा

आकडा येतो कुठून, ते आधी बघू. राज्य सरकारच्या 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली, राज्यभरात दोन हजारांहून अधिक. आकडा मोठा वाटतो. पण महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांहून जास्त आहेत. साधा भागाकार केला तर सरासरी वीस गावांमागे एक केंद्र. त्या केंद्रातल्या पर्जन्यमापकाचं तोंड वीतभर रुंद. तेवढ्या तोंडात जे पडलं, ते वीस गावांच्या वावरांत पडलं असं चित्र सांगतं.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरी आहे, कारण पातेल्यातलं पाणी सगळीकडे सारखं उकळतं. एक शीत दाबून बघितलं की बाकीची कळतात. पाऊस तसा शिजत नाही. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही. सप्टेंबरातल्या वळवासारख्या सरी नदीच्या ह्या काठाला झोडपतात आणि त्या काठाला नुसती हवा गार करून जातात. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण चित्रात ते कुठेच नसतं.

इथे दोष यंत्राचा नाही. एका बिंदूवर मोजमाप करणं हेच त्याचं काम आहे आणि तो बिंदू ते बरोबर मोजतं. खोट शिरते ती बिंदूवरून रंगावर जाताना. बिंदू म्हणतो, 'इथे एवढा पडला.' रंग म्हणतो, 'ह्या सगळ्या हद्दीत एवढा पडला.' दुसरं वाक्य कुणीच मोजलेलं नसतं, तरी चित्रात तेच ठसठशीत दिसतं आणि पहिलं अदृश्य होतं. मंडळनिहाय पावसाच्या बहुतेक नकाशांमध्ये केंद्र नेमकं कुठल्या गावात आहे, तो साधा ठिपकासुद्धा दाखवलेला नसतो. निदान ठिपका दाखवला असता तर बघणाऱ्याने मनात अंतर मोजलं असतं: माझं वावर इथून आठ किलोमीटर, तेव्हा हा आकडा जरा सांभाळून घ्यावा.

दोन नकाशे, दोन घराणी

नकाशात माहिती भरण्याच्या ह्या दोन पद्धती जुन्या आहेत आणि त्यांची दोन घराणीच म्हणता येतील.

पहिलं घराणं शार्ल द्युपँ ह्या फ्रेंच माणसाचं. १८२६मध्ये त्याने फ्रान्सचा नकाशा घेतला आणि प्रत्येक प्रांताला तिथल्या शालेय शिक्षणाच्या प्रमाणानुसार गडद-फिकट छटा दिली. शिक्षण कमी तिथे काळोख, जास्त तिथे उजेड. हद्दीत रंग भरून आकडेवारी दाखवणारा हा पहिला नकाशा मानला जातो. फार प्रभावी. एका नजरेत देश दोन भागांत तुटलेला दिसतो. पण काळोख्या प्रांतात एखादं उत्तम शाळा असलेलं गाव असलं तर तेही काळोखात बुडतं.

दुसरं घराणं लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचं. १८५४मध्ये सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. स्नो यांच्या नकाशात प्रत्येक मृत्यूसाठी एक छोटी काळी रेघ आहे, ज्या घरात मृत्यू झाला त्या घरासमोर. रेघा एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसतात. हा नकाशा छापला गेला तेव्हा साथ ओसरली होती. त्यामुळे 'नकाशाने साथ थांबवली' ही गोष्ट जितकी रंगवून सांगितली जाते तितकी खरी नाही. पण दाखवण्याची पद्धत बघा. स्नो यांनी पूर्ण वस्तीला 'कॉलराग्रस्त' असा एक रंग दिला असता तर पंप कधीच दिसला नसता.

आपल्याकडची पावसाची, पिकांची, दुष्काळाची जवळजवळ सगळी माहितीचित्रं द्युपँच्या घराण्यातली आहेत. त्याचं कारण प्रशासन हद्दींनी चालतं. तहसीलदाराला हद्द लागते, विमा कंपनीला हद्द लागते, शासन निर्णयाला हद्द लागते. पण पाऊस तहसील कार्यालयातून परवानगी घेऊन पडत नाही, आणि शेतकऱ्याला कळायचं असतं ते त्याच्या बांधाच्या आतलं. प्रशासनाच्या सोयीचं चित्र जनतेच्या माहितीचं चित्र म्हणून फिरतं, ही पहिली गडबड.

रंग कुठे बदलतो

आता रंगांकडे येऊ. माहितीचित्रात रंग बदलतो ती रेषा फार महत्त्वाची. गोष्टीत ज्याला कलाटणी म्हणतो, तीच ही.

महसूल खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. समजा, एका रात्री केदारखेडा मंडळात ६४ नोंदला गेला आणि शेजारच्या राजूर मंडळात ६६. दोन्हीकडची कपाशी सारखीच आडवी झाली असेल. पण दुसऱ्या दिवशीच्या चित्रात राजूर गडद आणि केदारखेडा फिकट. बातमीचा मथळा गडद रंगावर लिहिला जातो, पंचनाम्याची मागणीही आधी तिथूनच रेटली जाते. पुढे पंचनाम्यात आणखी एक रेषा येते, ३३ टक्के नुकसानीची. त्याच्या आत असाल तर मदत नाही. प्रत्येक रेषेला काही ना काही तर्क आहे; कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण चित्रात ती रेघ निसर्गाने ओढल्यासारखी दिसते. ६४ आणि ६६ मधला फरक दोन मिलिमीटरचा आहे, हे चित्र सांगत नाही. ६६ आणि १६० ह्यांना एकच रंग दिला आहे, हेही सांगत नाही.

भारतीय हवामान विभागाच्या जिल्हानिहाय नकाशाचं उदाहरण तर वर्गात शिकवावं असं आहे. तिथे सरासरीच्या १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तपर्यंतचा पाऊस 'सामान्य' धरला जातो आणि हिरवा रंगवला जातो. ज्या भागाची सरासरी ७०० मिलिमीटर आहे तिथे ५६७ पडला तरी हिरवा आणि ८३३ पडला तरी हिरवा. दोन्हींमध्ये २६६ मिलिमीटरचं अंतर, म्हणजे मराठवाड्यात विहीर दिवाळीला तळ गाठणार की होळीपर्यंत टिकणार, एवढा फरक. हिरव्याला तो माहीत नाही.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. ह्याच नकाशात २० ते ५९ टक्के तूट असेल तर लाल आणि ६० टक्क्यांहून मोठी तूट असेल तर पिवळा. म्हणजे पिवळा हा लालपेक्षा वाईट. आणि त्याच विभागाच्या इशाऱ्यांच्या नकाशात पिवळा म्हणजे 'लक्ष ठेवा', नारिंगी म्हणजे 'तयार राहा', लाल म्हणजे 'कृती करा'. तिथे पिवळा हा सगळ्यात सौम्य इशारा. एकाच खात्याची दोन चित्रं एकाच ग्रुपवर लागोपाठ येतात आणि एकच रंग दोन उलट्या गोष्टी सांगतो. सिग्नलवर वाढलेला आपला डोळा पिवळं बघून निवांत होतो. एखाद्या कवीने तीच प्रतिमा समोरासमोरच्या दोन पानांवर विरुद्ध अर्थाने वापरली तर त्याला आपण निष्काळजी म्हणू. खात्याला म्हणत नाही, कारण आपण वाचतच नसतो.

तालुका की मंडळ

हद्द बदलली की चित्र कसं बदलतं, ह्याचा धडा २०२३ने दिला. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ३१ ऑक्टोबर २०२३ला राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातले पाच तालुके त्यात होते: भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा. जाफ्राबाद, परतूर, घनसावंगी नव्हते. नकाशावर भोकरदन रंगलं, त्याला लागून असलेलं जाफ्राबाद पांढरं राहिलं. सीमेवरच्या बांधाच्या अलीकडे दुष्काळ, पलीकडे नाही.

ओरड झाली आणि दहा-बारा दिवसांतच नोव्हेंबरात दुसरा निर्णय आला. आता हद्द तालुक्याची राहिली नाही. ज्या महसूल मंडळांत सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झाला, तिथे दुष्काळसदृश परिस्थिती धरण्यात आली. अशी मंडळं हजाराच्या आसपास निघाली. दहा-बारा दिवसांत आभाळातून नवीन काही पडलं नव्हतं आणि जमिनीतून नवीन काही आटलं नव्हतं. आकडे जुनेच होते. फक्त ज्या चौकटीत ते ओतायचे ती चौकट लहान झाली, आणि आधी पांढऱ्या असलेल्या तालुक्यांच्या पोटात लपलेला दुष्काळ दिसायला लागला.

ह्या रंगाला काय लटकलेलं असतं, ते फोनवर वाचणाऱ्या मुलामुलींना सांगायला हवं. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, आणि शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. नकाशातल्या रंगाची किंमत घरात कुणालातरी मोजावी लागते.

आणि मग साहजिक प्रश्न येतो: मंडळाऐवजी गाव ही चौकट घेतली असती तर? तेव्हा मंडळाच्या पोटातली गावं दिसली असती. आणि ह्याच हिशेबाने सरकारंही हळूहळू खाली उतरतायत. ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवण्याची 'विंड्स' ही केंद्राची योजना २०२३मध्येच आली. यंत्रं वाढतील तेव्हा वाढतील. तोवर चित्र काढणाऱ्याने एवढं तरी करावं की चौकट कुठली घेतली आहे हे मोठ्या अक्षरांत लिहावं. 'जालना जिल्ह्यात समाधानकारक पाऊस' ह्या वाक्यात कर्ता कोण आहे? जिल्हा. पण जिल्हा पेरणी करत नाही.

थेंब, भेगा आणि आभाळाकडे बघणारा शेतकरी

वर्तमानपत्रांच्या आणि समाजमाध्यमांच्या 'क्रिएटिव्ह' माहितीचित्रांबद्दल आता बोलू. ह्यांचा एक ठरलेला साज असतो. पाऊस दाखवायचा तर निळा थेंब. धरणसाठा दाखवायचा तर पेला. दुष्काळ दाखवायचा तर भेगाळलेली जमीन आणि कपाळावर हात धरून आभाळाकडे बघणारा, पागोटं घातलेला शेतकरी. तो शेतकरी वर्षानुवर्षं तोच आहे. त्याचं वय वाढत नाही आणि त्याच्या हातात कधी स्मार्टफोन येत नाही.

साज असायला हरकत नाही. पण थेंबाचं गणित चुकतं. गेल्या वर्षी ३०० मिलिमीटर, यंदा ६००. चित्रकार यंदाचा थेंब दुप्पट उंच काढतो. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, म्हणजे कागदावरचं क्षेत्रफळ चौपट. पाऊस दुप्पट झाला आणि डोळ्याला चौपट दिसला. व्हिएन्नात १९२०च्या दशकात ऑटो नॉयराथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कामगारांसाठी आकडेवारीची चित्रं काढली तेव्हा त्यांनी ह्यावर साधा नियम केला: जास्त दाखवायचं असेल तर चित्र मोठं करू नका, चित्रांची संख्या वाढवा. दुप्पट पाऊस म्हणजे दोन सारखे थेंब. कमी शिकलेल्या माणसालाही ते मोजता यावेत, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षं होत आली, आपले थेंब अजून फुगतायत.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. आपली चित्रं पावसाची बेरीज दाखवतात, पावसाची तऱ्हा दाखवत नाहीत. 'आजवर सरासरीच्या ९२ टक्के' असा एखादा आकडा आणि एक उभा खांब. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न किती पडला एवढाच नसतो, कधी पडला हा असतो. जूनमध्ये पेरणी, मग तीन आठवडे उघडीप, रोपं माना टाकतात, दुबार पेरणी, मग सप्टेंबरात दोन रात्रींत धो-धो. खांब म्हणतो ९२ टक्के. पीक म्हणतं शून्य. राज्यातल्या पीकविम्यातसुद्धा २०२४पर्यंत सलग २१ दिवसांच्या खंडाला स्वतंत्र महत्त्व होतं; त्यावरून भरपाईची आगाऊ रक्कम मिळू शकत होती. म्हणजे नियम करणाऱ्याला खंड कळत होता, चित्र काढणाऱ्याला कळत नाही.

खंड दाखवायला कुठलं परदेशी सॉफ्टवेअर लागत नाही. उत्तर भिंतीवर लटकलंय. १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं, आणि महिन्याचं पान, त्यात दिवसाचं घर, घरात तिथी-नक्षत्र, ही मांडणी मराठी डोळ्यात इतकी मुरली की महिना म्हटलं की आपल्याला ते पानच आठवतं. मराठीतलं सगळ्यात यशस्वी माहितीचित्र कुठलं, तर माझं मत त्या पानाला. लहान जागेत दाटीवाटीने माहिती, तरी आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला आपलं घर एका बोटाने सापडतं. एकादशी कधी, दूधवाल्याचा खाडा कधी. आता त्याच पानावर जून ते सप्टेंबरची १२२ घरं घ्या. पाऊस झाला त्या दिवसाचं घर निळं करा, जितका जास्त तितकं गडद. कोरडा दिवस पांढरा सोडा. बस. ऑगस्टातली सलग पांढरी घरं बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. खाली एकूण मिलिमीटर लिहा किंवा लिहू नका.

कोल्ह्यावर बसून आलेलं नक्षत्र

चित्ररूपाने पाऊस सांगायची आपली एक जुनी पद्धत आहे आणि तिच्याकडे समीक्षक म्हणून बघायला मजा येते. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती, अशी नऊ. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. मृग कशावर बसून येतंय, हे पारावर विचारलं जातं.

हवामानशास्त्र म्हणून ह्याला आधार नाही. वाहन काढतात ते सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांची मोजणी करून. त्यात ढग, वारा, समुद्राचं तापमान कुठेच येत नाही. पण रचना म्हणून ही नऊ चिन्हं फोनवरच्या ढगाच्या चिन्हापेक्षा सरस आहेत. प्रत्येक प्राणी वेगळा, लक्षात राहणारा, अक्षरओळख नसलेल्यालाही सांगता येणारा. आणि पंधरवड्याच्या मापात, म्हणजे शेतीच्या कामांच्या मापात बसवलेला. हवामानाच्या ॲपमधला अर्धा सूर्य-अर्धा ढग मात्र पुण्यात, पॅरिसमध्ये आणि केदारखेड्यात एकच असतो. त्याने कोळपणी करावी की फवारणी थांबवावी, हे कळत नाही.

तरी वाहनाचा दोष तोच आहे जो मंडळाच्या रंगाचा. उलट कैकपट मोठा. कोल्हा आला की तो सावंतवाडीलाही येतो आणि भोकरदनलाही. अख्ख्या महाराष्ट्राला एकच जनावर. चिन्ह कितीही देखणं असलं तरी ते कुठल्या मोजमापावर उभं आहे आणि किती मोठ्या हद्दीबद्दल बोलतंय, हे विचारावंच लागतं. हा नियम पंचांगाला लावायचा आणि शासकीय नकाशाला नाही, हे बरोबर नाही.

भाषेतही असंच एक माहितीचित्र दडलंय: आणेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा सोळा आणे पीक म्हणजे भरघोस. त्यावरून गावाचं पीक आण्यांत मांडलं जायचं. दशमान नाणी आली, आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. आजही पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईचं धरलं जातं. बघा, पिकाला नाण्याचं रूप दिलं की निरक्षर माणूससुद्धा म्हणू शकतो, 'आमच्याकडे आठ आणेच आहे, तुम्ही दहा कसे लावले?' आकडा भांडता येण्याजोगा झाला. चांगल्या माहितीचित्राची ही खरी कसोटी मला वाटते. बघणाऱ्याला त्याच्याशी भांडता यायला हवं.

भांडता येईल असं चित्र

असं भांडण आपल्याकडे झालेलं आहे. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने केवळ सरकारी आकड्यांवर विसंबून न राहता आपली माणसं दुष्काळी भागांत पाठवली, तिथली परिस्थिती टिपली आणि ती वृत्तान्तांच्या रूपाने सरकारपुढे ठेवली. त्यांच्याकडे यंत्रं नव्हती, रंगीत नकाशे नव्हते. पण आपल्या दुष्काळाचं वर्णन आपण करायचं, हा हट्ट होता.

हिवरे बाजारचं उदाहरण अनेकदा सांगितलं जातं, बहुधा आदर्श गावाची गोष्ट म्हणून. माहितीचित्राच्या अंगाने ते कमी बघितलं गेलंय. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ह्या गावाने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, त्यावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि ग्रामसभेत त्यावर पिकांचा निर्णय घ्यायचा, अशी रीत पाडली. इतकं पडलं, इतकं मुरलं, पिण्याला इतकं लागणार, उरलं इतकं. मग उन्हाळी पीक घ्यायचं की नाही? आता अनेक योजनांमधून असे पाण्याचे ताळेबंद गावोगावच्या भिंतींवर रंगवले जातात. पोकरा प्रकल्पात तर जालन्यासह पंधरा जिल्ह्यांतल्या गावांचे ताळेबंद मांडायला आयआयटी मुंबईची मदत घेतली गेली.

भिंतीवरचा फलक हे माध्यम म्हणून उत्तम आहे. तो पुढे ढकलता येत नाही. त्याच्यासमोर उभं राहावं लागतं, आणि शेजारी दुसरा माणूस उभा असतो. पण भिंत रंगवली म्हणजे ताळेबंद झाला असं नव्हे. एकदा रंगवून, फोटो काढून, नंतर पाच वर्षं तोच आकडा मिरवणारा फलक म्हणजे जुन्या वर्षाचं कॅलेंडर. हिवरे बाजारच्या ताळेबंदाला किंमत आहे ती रंगामुळे नाही, दरवर्षी तो पुसून नव्याने लिहिला जातो आणि त्यावरून कुणालातरी 'यंदा हे पीक नको' असं सांगितलं जातं, म्हणून.

आणि हे सगळं फक्त सरकारांचं, संस्थांचं काम नाही. २०१५च्या सुमारास जॉर्जिया लूपी आणि स्टेफनी पोसावेक ह्या दोन चित्रकार मैत्रिणींनी वर्षभर, दर आठवड्याला एकमेकींना हाताने काढलेलं पोस्टकार्ड पाठवलं, एक न्यूयॉर्कहून, दुसरी लंडनहून. प्रत्येक कार्डावर त्या आठवड्यातल्या एका साध्या गोष्टीची मोजदाद: किती वेळा घड्याळ बघितलं, किती वेळा कुरकुर केली. ५२ आठवडे. त्याचं 'डिअर डेटा' नावाचं पुस्तक झालं. ती कार्डं सुंदर आहेत, पण शिकण्यासारखी गोष्ट सौंदर्यापलीकडची आहे. मोजणारी, काढणारी आणि जिच्याबद्दल ते आहे ती, तिन्ही एकच व्यक्ती. मधे हद्द नाही, सरासरी नाही, खातं नाही.

केदारखेड्यासारख्या गावात हे करायला काय लागेल? सरळ कडांचा एक डबा, एक पट्टी, १२२ घरांचा एक कागद. डब्यात साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की मिलिमीटर मिळतात. डब्याचं तोंड आणि बूड सारखं रुंद असलं की झालं. मंडळातल्या वीस गावांत वीस पोरापोरींनी असे डबे ठेवले तर चार महिन्यांनी वीस कागद शेजारी-शेजारी लावून बघता येतील. ते पुरावा म्हणून विमा कंपनी मान्य करणार नाही, हे उघड आहे. पण मंडळाचा एक रंग वीस गावांना लागू पडतो का, हे निदान गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मागणी करताना 'आमच्याकडे जास्त पडला हो' ह्या वाक्यामागे काहीतरी उभं राहील.

शेवटी एक हिशेब. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कुठल्या गटात कोणतं पीक उभं आहे, हे शेतकऱ्याने वावरात उभं राहून, फोटो काढून, ॲपमधून कळवायचं. अनेक घरांत हे काम घरातल्या तरुणांवर येतं, कारण फोन त्यांच्या हातात असतो. म्हणजे राज्याच्या सातबाऱ्यांवरचा पिकांचा डेटा भरणारे लाखो हात तुमचेच आहेत. हा डेटा गट नंबरच्या बारकाईने वर जातो. गावाला खाली परत काय मिळतं? तालुक्याचा एक रंग, मंडळाचा एक आकडा, आणि भेगाळलेल्या जमिनीचा तोच फोटो. जितक्या बारकाईने गावाने दिलं, तितक्याच बारकाईचं चित्र गावाला परत मिळावं, ही मागणी वाजवी आहे. पुढच्या पावसाळ्यात रंगीत नकाशा आला की तो पुढे ढकलण्याआधी एवढंच शोधा: हा रंग ज्या पावसावरून ठरला, तो मोजणारा डबा कुठल्या गावात ठेवला होता?